चार मीटरचं यंत्र, पंचाण्णव मीटरचा ब्रेक

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरातलं कोणी ट्रक, टेम्पो, ट्रॅव्हल्स, स्कूलबस चालवतं, किंवा ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनीही वाचली तर बरंच, कारण हायवेवर त्या गाड्यांच्या पुढे आपणच असतो.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक काळी डबी आली. मी नाशकात अंबड एमआयडीसीमध्ये कारखान्यांतले सेन्सर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. वीस वर्षं तेच करतोय. त्यामुळे "दादा, हे जरा बघता का" म्हणून कोणी ना कोणी काहीतरी घेऊन येतंच. ही डबी घेऊन आला एक विशीतला पोरगा. त्याचा मोठा भाऊ सहाचाकी गाडीवर ड्रायव्हर. पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशीला निघाला होता. पहाटे घोटीच्या पुढे रस्त्यात एक कंटेनर बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा तोडून टाकलेली नाही. गाडी मागून घुसली. भाऊ वाचला, पण उजव्या पायात रॉड घातलाय आणि सहा महिने तरी ब्रेकवर पाय ठेवता येणार नाही.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मालकाने त्याच्या सगळ्या गाड्यांना काही महिन्यांपूर्वी "अँटी-कोलिजन" यंत्र बसवून घेतलं होतं. एका गाडीला साडेसहा हजार. मालक तसा वाईट माणूस नाही, त्याने ते चांगल्या हेतूनेच बसवलं. पण अपघातानंतर त्याचं म्हणणं काय, तर "यंत्र होतं, ते वाजलं असणारच, म्हणजे हा झोपला होता." झालं! दवाखान्याच्या खर्चाला हात आखडता, पगार बंद, वर गाडीच्या नुकसानीची भाषा. ड्रायव्हर म्हणतोय, "वाजलं ना. वाजलं आणि ठोकली, दोन्ही एकदमच झालं." त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

पोराने मला एकच प्रश्न विचारला. "एवढं सांगा, हे चालू होतं का बंद?"

डबी उघडली. आत एक दीडदोनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर, एक बझर, आणि बंपरला लावायचे दोन गोल अल्ट्रासॉनिक डोळे. मोटारीच्या मागच्या बंपरला रिव्हर्स घेताना टूं-टूं करणारे जे डोळे असतात ना, त्याच जातीचे. वायर जोडून भिंतीसमोर धरलं आणि मागे मागे सरकत गेलो. चार मीटरच्या थोडं पुढे गेल्यावर बझर गप्प झाला. परत पुढे आलो, वाजला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोब्बर वाजला. यंत्र एकदम उत्तम चालू होतं. बंद असतं तर निदान काहीतरी सांगता आलं असतं.

आता हिशेब बघा. शाळेतलंच गणित आहे, घाबरू नका.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाबावीस मीटर. पुढे काहीतरी उभं आहे हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत चांगल्या, जाग्या ड्रायव्हरलाही दीड सेकंद जातो. म्हणजे तेहतीस मीटर गाडी तशीच पळाली. मग ब्रेक. कोरडा रस्ता, टायर बरे, ब्रेक बरे असं सगळं बरं धरलं तरी भरलेली गाडी दर सेकंदाला आपला वेग चार मीटरनं कमी करेल असं मानू. तिला थांबायला आणखी बासष्ट मीटर लागतात. एकूण पंचाण्णव. वेग साठचा असेल तर तेच साठ मीटर. समृद्धीवर कार एकशेवीसने चालली असेल आणि तिचे ब्रेक ट्रकपेक्षा दीडपट चांगले धरले, तरी एकशेचाळीसच्या पुढे जातं.

आणि यंत्र बघतंय चार मीटर.

ते चार मीटरही फुकट आहेत. हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत यायची वाट बघतो, मग पुढचा आवाज सोडतो. दोन मापांमध्ये साधारण ६० मिलिसेकंद ठेवायचे असा प्रघात आहे, नाहीतर जुना प्रतिध्वनी नव्यात मिसळतो. खोटा बीप नको म्हणून यंत्र किमान तीन मापं सलग जुळतात का ते बघणार. म्हणजे १८० मिलिसेकंद. ८० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी किती जाते? चार मीटर. यंत्राची खात्री पटते त्याच क्षणी बंपर टेकतो. "वाजलं आणि ठोकली, दोन्ही एकदमच झालं" असं तो ड्रायव्हर सांगत होता. शब्दशः खरं सांगत होता. मालकाला हे कागदावर मांडून दाखवलंय, पुढचं त्याचं त्याच्यापाशी.

त्या यंत्राचं माहितीपत्रक मी वाचलं. लिहिलंय, "पुढील वाहनाचे अंतर अचूक मोजते." खोटं कुठाय? मोजतंच की! किती मीटरपासून मोजतं हे मात्र चार पानांत एकदाही लिहिलेलं नाही. रंग लिहिलाय, वॉरंटी लिहिली आहे, बझर किती मोठ्याने वाजतो ते लिहिलंय. अंतर मोजणाऱ्या यंत्राचं अंतर तेवढं नाही.

माझा राग विकणाऱ्यावर कमी आहे. विकणारा विकणारच. राग आपल्यावर जास्त आहे, आणि त्यात मी स्वतःही आलो.

दरवर्षी दोन-तीन डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत मला प्रोजेक्ट बघायला बोलावतात. दरवर्षी न चुकता एक तरी प्रोजेक्ट असतो "वाहन अपघात टाळणारी कमी खर्चाची प्रणाली". चार चाकांची बाहुलीएवढी गाडी, पुढे दोन डोळे लावलेला एचसी-एसआर०४. शंभराच्या आत-बाहेर मिळतो, दोन सेंटिमीटर ते चार मीटर मोजतो, शिकायला यापेक्षा चांगला सेन्सर नाही. टेबलावर गाडी चालते, पुठ्ठ्याच्या खोक्यापुढे येते, थांबते. टाळ्या. अहवालात एक पान असतं की उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर असतो तो ४५ अंशाला ३५८ च्या आसपास जातो, म्हणून आम्ही तापमानाची दुरुस्ती केली. शाब्बास, बरोबर आहे. त्याने चार मीटरमध्ये सतरा-अठरा सेंटिमीटरचा फरक पडतो. पण शेवटच्या पानावर "ही प्रणाली महामार्गावरील ट्रक व बसेसमध्ये वापरता येईल" असं लिहिलेलं असतं, तिथे कमी पडणाऱ्या नव्वद मीटरबद्दल एक ओळ नसते. आणि मी? मी आजवर हसून मार्क दिले. पोरांनी मेहनत घेतलीय, कशाला हिरमोड करा. त्यातलीच काही पोरं पुढे दुकान टाकतात आणि तेच खोकं गाडीला लावतात. मग एक दिवस डबी माझ्याच टेबलावर येते.

लगेच कोणीतरी म्हणेल की साहेब स्वस्त गोष्टींच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. माझं अर्धं आयुष्य महागड्या परदेशी सेन्सरच्या जागी स्वस्त सेन्सर चालवण्यात गेलंय. हाच अल्ट्रासॉनिक मागच्या बंपरला लावा, मी स्वतः येऊन बसवून देतो. रिव्हर्स घेताना वेग माणसाच्या चालण्याएवढा, मागे पोर खेळतंय की खांब आहे एवढंच कळायला हवं, तिथे चार मीटर भरपूर झाले. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले ते उगाच नाही. ट्रकच्या डाव्या बाजूला, जिथे क्लीनर नसला की ड्रायव्हरला आंधळं असतं, तिथेही गर्दीत वळताना हा सेन्सर कामाचा. स्वस्त सेन्सर वाईट नसतो, चुकीच्या जागी लावलेला वाईट असतो. कोयता चांगला असतो म्हणून त्याने दाढी करत नाहीत.

मग पुढच्या गाडीचं अंतर मोजायला काय लावायचं? बाजारात स्वस्तात जे जे मिळतं ते एकेक बघू, कारण अल्ट्रासॉनिकला नाही म्हटलं की दुकानदार लगेच दुसरी डबी काढतो.

इन्फ्रारेडवाले छोटे सेन्सर, ते तर सोडाच. त्यातला नेहमी मिळणारा ८० सेंटिमीटर बघतो, त्याचा मोठा भाऊ दीड मीटर.

मग "लेझर" येतो. लेझर म्हटलं की गिऱ्हाईक खूश. नखाएवढा व्हीएल५३एल०एक्स फार तर दोन मीटर बघतो, तोही सावलीत. त्यापेक्षा बरा टीएफ-लूना, आठ मीटर. पण त्याचा कागद नीट वाचा. आठ मीटर हे पांढऱ्या, नव्वद टक्के उजेड परतवणाऱ्या वस्तूसाठी आहेत. दहाच टक्के परतवणारी वस्तू असेल तर अडीच मीटर. आता आपल्या ट्रकांची मागची बाजू आठवा. काळी ताडपत्री, शेणामातीने माखलेला फाळका, डिझेलचा थर. ऊसाची ट्रॉली असेल तर मागे सपाट असं काही नाहीच, नुसती वाढ्यांची टोकं. प्रयोगशाळेतला पांढरा पुठ्ठा हायवेवर कोणी बांधून फिरत नाही. शंभर मीटरच्या पुढे बघणारे लेझर मिळतात, पण मग ते स्वस्त राहत नाहीत. शिवाय धुकं, पाऊस आणि काचेवरचा चिखल लेझरला आवडत नाही.

एक आणखी फसवा प्रकार म्हणजे स्वस्त "रडार". दोन-तीनशेत मायक्रोवेव्हची पट्टी मिळते, आरसीडब्ल्यूएल-०५१६ नावाची. ती फक्त समोर काही हललं का एवढं सांगते. अंतर सांगतच नाही! बाथरूमचा दिवा आपोआप लावायला ठीक. ही पट्टी डबीत घालून वर "रडार तंत्रज्ञान" असं स्टिकर लावलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

खरं गाडीचं रडार वेगळं. ते ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, शंभर-दोनशे मीटर बघतं, धुक्यात आणि रात्रीही बघतं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या गाडीचा आपल्याशी तुलनेत वेग थेट मोजतं. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नुसतं अंतर कळून उपयोग नाही. चाळीस मीटरवर पुढची गाडी आपल्याच वेगाने पळत असेल तर आत्ता लगेच धोका नाही. तीच कसारा घाटात वीसने चढत असेल आणि आपण ऐंशीने येत असू, तर अडीच सेकंदांत तिच्यात घुसणार. धोका मीटरमध्ये नसतो, सेकंदांत असतो. अंतर भागिले वेगातला फरक, एवढंच सूत्र. जे यंत्र हा भागाकार करत नाही ते मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर बोंबलत राहतं आणि हायवेवर गप्प बसतं.

७६ ते ७७ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे गाड्यांच्या कमी ताकदीच्या रडारला परवानामुक्त आहे, त्यामुळे "सरकार परवानगी देत नाही" हेही कोणी सांगू नये.

पण रडार लावलं म्हणजे सुटलो असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. जुन्या आणि साध्या रडारची एक सवय असते. रस्त्यात उभ्या वस्तूंकडे ते दुर्लक्ष करतं. मुद्दाम करायला शिकवलेलं असतं. नाहीतर प्रत्येक पूल, प्रत्येक दिशादर्शक कमान, प्रत्येक क्रॅश बॅरिअर बघून ते ओरडेल आणि ब्रेक मारेल. पुढे हलणारी गाडी ते झकास पकडतं. आणि आपल्याकडे माणसं कशाने मरतात? उभ्या गाड्यांनी. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर वैजापूरजवळ काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारी माणसं, ट्रॅव्हलर ट्रकला मागून धडकली, बारा जण गेले. त्या गाडीला कुठलं यंत्र होतं किंवा नव्हतं यावर मी बोलणार नाही, त्या प्रकरणाला इतर बाजू आहेत. पण यंत्र घेताना विकणाऱ्याला "उभ्या गाडीला ओळखतं का, किती मीटरवरून, रात्री ओळखतं का" हा प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

म्हणून चांगल्या संचात रडारच्या जोडीला कॅमेरा असतो, किंवा नुसता कॅमेराही चालतो. पुढच्या गाडीची चाकं रस्त्याला चित्रात कुठे टेकतात आणि तिचा आकार किती झपाट्याने मोठा होतोय, यावरून तो वेळ काढतो. नागपुरात २०२१ साली आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला, इंटेल, हैदराबादच्या ट्रिपल आयटीतलं आयएनएआय केंद्र, सीआरआरआय, महिंद्रा आणि नागपूर महापालिका मिळून. शहर बसना कॅमेऱ्याची धडक-सूचना यंत्रं लावली. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. ड्रायव्हरला नुसता बीप देऊन ते थांबले नाहीत. कुठल्या चौकात, कुठल्या वळणावर बीप पुन्हा पुन्हा होतात ते नकाशावर मांडून, अजून अपघात झालेले नाहीत पण होऊ घातलेत अशा जागा शोधायच्या, असा तो विचार. सेन्सर विकत घेणं आणि सेन्सरचा उपयोग करणं यात हा फरक आहे.

आता खर्च. चांगला कॅमेरा-रडारचा संच नीट बसवून, नीट जुळवून घ्यायचा तर मोठ्या ट्रकच्या दोन-तीन नव्या टायरांएवढे पैसे जातात. परवडत नाही असं म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. दोन गाड्यांचा मालक, हप्ते चालू, डिझेल आणि टोलने कंबर मोडलेली, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की पन्नास-साठ हजार घाल? पण मग त्याने साडेसहा हजारही घालू नयेत. अर्ध्या पैशात अर्धा जीव वाचतो असा काही हिशेब नसतो. त्या साडेसहा हजारांत त्याने काय करावं ते सांगतो.

मागे चांगली रिफ्लेक्टिव्ह टेप लावावी, एआयएस-०९० मानकाची, दुकानातली चमचमणारी सजावटीची नव्हे. टेललाइट दोन्ही चालू करून घ्यावेत. गाडीत दोन त्रिकोणी फलक ठेवावेत, आणि गाडी बंद पडली की ते चांगले लांब नेऊन ठेवायला ड्रायव्हरला शिकवावं. मागची अंडररन गार्ड गंजून लोंबत असेल तर वेल्डिंग करून घ्यावी, म्हणजे मागून येणारी कार फाळक्याखाली घुसून तिचं छप्पर कापलं जाणार नाही. उरलेल्या पैशांत ब्रेक लायनर. बास. यात इलेक्ट्रॉनिक्स काहीही नाही, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सवाला हे सांगतोय. त्या घोटीच्या कंटेनरला मागे टेप असती तर माझ्या टेबलावर ती डबी आली नसती.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल कोणालाही बघता येतो. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. धडक कशी झाली याची वर्गवारी त्यात आहे, आणि "मागून धडक" हा त्यातला सगळ्यात मोठा प्रकार, एकूण अपघातांच्या साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे विषय खरा आहे. बाजारही म्हणूनच तयार झालाय.

सरकारचं काय? २०२५ च्या मार्चमध्ये मसुदा आला की मोठ्या बस आणि ट्रकना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, झोप आल्याची सूचना, लेन सोडल्याची सूचना बंधनकारक करायची. नव्या मॉडेलसाठी मसुद्यातली तारीख एप्रिल २०२६ ची होती. ब्रेकच्या यंत्रणेला एआयएस-१६२ हे मानकही आहे. चांगलं आहे, स्वागत आहे. पण हे कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाड्यांचं झालं. आज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्या पुढची दहा-पंधरा वर्षं धावणार आहेत, आणि माझ्या पाहण्यातली सगळी डुप्लिकेट डबी-विक्री त्याच गाड्यांना होते. बाहेरून बसवायच्या यंत्रावर "अँटी-कोलिजन" हा शब्द छापायला आज काय सिद्ध करावं लागतं? मला तरी डबीवर कुठल्या चाचणीचा शिक्का दिसला नाही. डोक्यावरच्या हेल्मेटला आयएसआय मार्क लागतो, घरातल्या प्रेशर कुकरला लागतो.

आणि सरकारी खरेदी! मध्यंतरी एका संस्थेच्या बसगाड्यांसाठीचं टेंडर ओळखीतून बघायला मिळालं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण इतरांचं वेगळं असेल असं मला वाटत नाही. त्यात सीटच्या रेक्झिनची जाडी मिलिमीटरमध्ये दिली होती. रंगाचा शेड क्रमांक होता. आणि धडक टाळणाऱ्या यंत्राबद्दल एकच ओळ होती. "अँटी-कोलिजन यंत्र, बझरसह, एक नग." झालं टेंडर! आता सगळ्यात कमी दर भरणारा काय देणार? नियमाप्रमाणे तो बझरसह एक नग देणार. त्याने काही चुकीचं केलं असं म्हणताही येणार नाही. तिथे तीन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर चित्र बदललं असतं. उभं वाहन किती मीटरवरून ओळखलं पाहिजे. धडकेच्या किती सेकंद आधी सूचना दिली पाहिजे. आणि हजार किलोमीटरमागे खोट्या सूचना जास्तीत जास्त किती चालतील.

ही शेवटची ओळ लोकांना क्षुल्लक वाटते. ती क्षुल्लक नाही. मी ड्रायव्हरांशी बोलतो तेव्हा दहातले सात सांगतात की यंत्राचा फ्यूज काढून ठेवलाय. एकाने बझरच्या जाळीत मुलाच्या वहीचं पान कोंबलं होतं. का? कारण शहरात रिक्षा आडवी गेली की वाजतं, दुचाकी शेजारून गेली की वाजतं, शेजारच्या ट्रकच्या एअर ब्रेकने फुस्स केलं की अल्ट्रासॉनिकला तोच प्रतिध्वनी वाटतो आणि परत वाजतं. आठ तास हे ऐकून बघा. माणूस पहिल्या दिवशी दचकतो, तिसऱ्या दिवशी शिव्या देतो, आठव्या दिवशी ऐकूच येईनासं होतं. मग एखाद्या रात्री ते खरं वाजलं तरी पाय हलत नाही. त्या ड्रायव्हरांना अडाणी म्हणू नका. रोज खोटं बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?

आता अपेक्षित प्रतिक्रिया. "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं ना?" नाही. काहीच नसतं तेव्हा ड्रायव्हर स्वतः अंतर ठेवतो, निदान ठेवायला हवं हे त्याला माहीत असतं. मालक रात्री दोनदा फोन करून विचारतो, झोप येतेय का, चहाला थांब. यंत्र लावलं की मालक निवांत. अपघात झाला की सगळं ड्रायव्हरवर, कारण "यंत्र होतं ना". म्हणजे या डबीने धडक टळत नाही, फक्त दोष कोणाचा ते आधीच ठरून बसतं. साडेसहा हजारांत मालकाने नेमकं काय विकत घेतलं, सांगा बरं.

दुसरी प्रतिक्रिया येईल, "मग नवले पुलावरचे अपघात कसे थांबवणार तुमच्या रडारने?" नाही थांबवणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने ४८ गाड्या ठोकल्या. लांब उतारावर ज्याचे ब्रेक तापून गेलेत किंवा जो न्यूट्रलमध्ये उतरतोय, त्याला अंतर कळून काय उपयोग? सगळ्या रोगांवर एक गोळी मी विकत नाहीये.

तिसरे माझे कॉलेजवाले मित्र चिडतील. चिडा. पण यंदापासून मी परीक्षक म्हणून आलो तर एचसी-एसआर०४ च्या प्रोजेक्टला पहिला प्रश्न हाच असेल, कुठल्या वेगाच्या गाडीसाठी? "हातगाडीसाठी, ताशी पाच किलोमीटर" असं उत्तर आलं तर पूर्ण मार्क. गोदामातल्या ट्रॉलीसाठी, फोर्कलिफ्टसाठी, व्हीलचेअरसाठी म्हणा, आनंदाने मार्क देतो. तिथे या सेन्सरने खरंच बोटं आणि पाय वाचतात, मी स्वतः बसवलेत. ट्रक म्हणालात की पंचाण्णव मीटरचा हिशेब फळ्यावर मांडायला लावणार.

ज्यांच्या गाडीला असं यंत्र आधीच आहे त्यांच्यासाठी एक काम. रस्त्यावर प्रयोग करू नका. मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, यंत्र चालू ठेवा. समोर दुसरी गाडी पाठ करून उभी करा आणि ती हळूहळू लांब न्या. बझर कुठे गप्प होतो तिथे खूण करा आणि पावलांनी अंतर मोजा. माणसाचं एक मोठं पाऊल पाऊण मीटर धरा. काही यंत्रं गाडी चालू लागल्याशिवाय जागीच होत नाहीत, तसं असेल तर विकणाऱ्याकडून मीटरचा आकडा लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल, पण लेखी. आकडा दहाच्या आत आला तर ते यंत्र काढून मागच्या बंपरला लावून घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. गाडीचा नंबर नको, दुकानाचं नाव नको, शिवीगाळ तर नकोच. फक्त किती पैसे दिले आणि किती मीटरवर वाजलं. माझ्याकडचा पहिला आकडा मीच लिहितो. साडेसहा हजार रुपये, चार मीटर वीस सेंटिमीटर. त्या पोराला मी हाच आकडा कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून दिलाय. सोमवारी तो मालकाकडे आणि तिथून विमावाल्यांकडे जाणार आहे. काय होतं ते इथेच कळवीन.